आतली कडी

२ मार्च

आज सकाळी सूनबाईने बाहेरून कुलूप लावलं आणि मला एकदम दुसराच आवाज आठवला. कडीचा. शाळेत आमच्या वर्गाच्या दाराला आतून एक लांबलचक लोखंडी कडी होती. कवितेचा तास आला की गुरुजी स्वतः उठून ती लावायचे. आधी खर्र, मग एक छोटासा ठण. शेजारच्या वर्गात पाढे चाललेले असत, पलीकडे कुणीतरी मार खात असे, ते सगळं त्या ठणबरोबर बाहेर राही. "आता सुटलो आपण," गुरुजी म्हणायचे. दार लावून घेतल्यावर माणूस सुटतो कसा, असा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. मग नदीची कविता सुरू व्हायची, अख्खा वर्ग एका सुरात. शेवटचं अक्षर असं ओढायचो की खिडकीतली चिमणी उडून जायची.

इथला आवाज वेगळा आहे. किल्ली दोनदा फिरते, मग सूनबाई हँडल खाली ओढून बघते, लागलं ना. मग तिच्या चपला जिन्यावरून उतरत जातात. आमच्याही दाराला आतून कडी आहे, पण ती लावायची नाही असा हुकूम आहे. मी आत पडलो-बिडलो तर दार उघडणार कोण?

दैनंदिनी बरीच वर्षं बंद होती. वजनमापं खात्यात तपासनीस होतो तेव्हा रोज लिहायचो, कुणाची तागडी झुकती निघाली, कुणाच्या वजनाचं बूड पोखरलेलं होतं. निवृत्तीनंतर लिहिण्याजोगं काही झुकेना. आज मात्र घडलं. पेपरवाल्याने पेपर दाराखालून सरकवला, त्यातून एक पत्रक घसरत थेट माझ्या पायाशी आलं. हल्ली माझ्याकडे जे येतं ते दाराखालूनच येतं, म्हणजे पातळ असेल तरच.

"सोबती हवेत." एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलत बसणारी माणसं एका सेवाभावी संस्थेला हवी आहेत. पगार बेताचा. शिक्षणाची अट नाही. वयाची अट नाही. ऐकण्याची आवड हवी.

वयाची अट नाही! ते वाक्य मी मोठ्याने वाचलं. ऐकायला घरात कुणी नव्हतं, तरी वाचलं.

३ मार्च

जेवताना विषय काढला. चिरंजिवांचा घास हातातच राहिला.

"तुम्ही? नोकरी? बाबा, या वयात?"

"वयाची अट नाही."

"अट नाही म्हणजे घेतील असं नाही."

 सूनबाईने पत्रक उलटंपालटं केलं आणि मागचा फोन नंबर बराच वेळ बघितला. तिला माझं कौतुक आहे, बोलून दाखवत नाही इतकंच.

मग मी किल्लीचं काढलं. गेल्या थंडीत मी पेन्सिली आणायला गेलो आणि परतायला उशीर झाला, तेव्हापासून माझी किल्ली चिरंजिवांच्या कपाटात आहे. त्यांचं म्हणणं, मी हरवलो होतो. हरवलो वगैरे नव्हतो. आमची शाळा होती तिथे आता बँक आहे, तिच्या पायरीवर बसलो होतो. पोलीस आला, काय करताय विचारू लागला. कवितेचा तास सुटायची वाट बघतोय, असं मी गमतीने म्हणालो, तर त्या भल्या माणसाने ते खरं धरलं. शिवाय त्याच आठवड्यात दुधाचं पातेलं जळलं. दूध कुणाच्या घरात उतू जात नाही?

"नोकरी लागली तर मला किल्ली द्यावी लागेल," मी म्हणालो.

चिरंजीव हसले. "लागली तर किल्लीच काय, डबापण भरून देऊ."

"शब्द?"

"शब्द, बाबा. जेवा आता."

सूनबाईने तिचं ताट उचललं. शब्द दिलेला आहे, तो इथे लिहून ठेवतो.

६ मार्च

फोन केला. पलीकडून संस्थेच्या प्रमुख ताई स्वतः बोलल्या. आवाज कापसासारखा. पहिल्याच वाक्यात मला "आजोबा" म्हणाल्या, त्यामुळे ताण कमी झाला.

घरी कोण असतं, कधी येतात, गोळ्या कोणत्या, असं बरंच विचारलं. नोकरीत शिरताना आमचीही वैद्यकीय तपासणी झाली होती, खोकायला लावलं होतं. मी स्वच्छ सांगितलं, गोळ्या दोन, एक सकाळी आणि दुसरी आठवेल तेव्हा.

"दिवसभर काय करता, आजोबा?"

"कविता म्हणतो. शाळेतल्या."

"कुणाला म्हणून दाखवता?"

"दाराला," मी म्हणालो. त्या हसल्या. मग हसणं थांबल्यावर त्यांनी माझा पत्ता दोनदा लिहून घेतला. मुलाखत रंगली की असं होतं. समक्ष भेटायला बोलावलं आहे.

९ मार्च

दुपारी बेल वाजली. मी दाराशी गेलो.

"पार्सल आहे, दार उघडा."

"उघडता येत नाही."

"का? कडी अडकलीय?"

"कुलूप आहे. बाहेरून. तुमच्या बाजूला."

त्याने हँडल हलवून पाहिलं. मग म्हणाला, "मग तुम्ही आत कसे?"

याला काय सांगणार? म्हटलं, "दाराखालून सरकवा." म्हणाला, "काका, मिक्सर आहे." आम्ही दोघंही हसलो, तो तिकडे, मी इकडे. मग तो गेला. त्याच्या बुटांचा आवाज संपेपर्यंत मी दाराला कान लावून उभा होतो. ऐकण्याचा सराव.

नंतर पंखा बंद पडला, वीज गेली असावी. खिडकीला जाळी आहे. जाळीला नाक लावलं की खालच्या दुकानाची अर्धी पाटी दिसते. उरलेली अर्धी काय असेल ते रोज नवीन ठरवतो.

१२ मार्च

सूनबाईने अर्धी रजा काढली आणि मला संस्थेत नेलं. जुन्या इमारतीचा तळमजला, भिंतीला हिरवा रंग, एका ओळीत प्लास्टिकच्या खुर्च्या. आम्ही उमेदवार त्यांवर बसलो होतो. एक टाय लावलेला गृहस्थ पाय हलवत होता, इतका की शेजारची खुर्चीही हलत होती. आणि एक पंचेचाळिशीची दणकट बाई.

"काका, इकडे बसा. ही सीट राखीव आहे."

"ज्येष्ठांसाठी?"

"छे, पंख्याखालची आहे म्हणून मी माझ्यासाठी धरलेली. बसा."

बाई बसमध्ये कंडक्टर होती. तिकिटाचं यंत्र आलं आणि ती घरी आली. "आता नुसतं टिंग होतं, काका. टिंगला सांगता येतं का, बाबा रे, सुट्टे काढ? टिंगशी भांडण तरी कसं करायचं?" मग आवाज खाली आणून (तरी टायवाल्याला ऐकू गेलाच) म्हणाली, "खरं सांगू? यांना म्हणे ऐकणारी माणसं पाहिजेत. मी जन्मभर ओरडले. माझं काही इथे होत नाही."

मला तिची दया आली. म्हटलं, ऐकणं शिकता येतं, आमच्या गुरुजींनी कवितेतून शिकवलं. आणि नमुन्यादाखल नदीची कविता सुरू केली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला अडलो. हल्ली तिथेच अडतो. डोळे मिटले, बोटं मोजली, येईना.

"राहू द्या हो, काका. तो स्टॉप वगळा. चौथ्याला उतरायचंय ना आपल्याला?"

कडवं वगळा! गुरुजींनी हिला बाकावर उभं केलं असतं. बाई मनाने चांगली आहे, पण हिला कोण निवडणार? मी मनातल्या मनात तिला नापास केलं.

आत ताई आणि एक दाढीवाले गृहस्थ होते. इतरांना प्लास्टिकची खुर्ची, मला गादीची दिली. चहा दिला. टायवाला गेला तसा बाहेर आला होता, मला मात्र त्यांनी किती वेळ बसवून घेतलं! आज कोणता वार, रस्ता चुकलात तर कुणाला विचाराल, जिना चढताना दम लागतो का. सोबत्याला घरोघर फिरायचं असतं, तेव्हा हे विचारणारच. मी उत्तरं दिली. वार चुकला, पण एकाच दिवसाने.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक. त्यांची पद्धत अशी की उमेदवारांच्या जोड्या लावतात. एकाने एकटं पडलेलं म्हातारं माणूस व्हायचं, दुसऱ्याने सोबती. मग अदलाबदल. चांगली पद्धत आहे. वजन तपासायचं तर ते तागडीत घालावंच लागतं.

१९ मार्च

आजचा दिवस नीट लिहून ठेवतो.

माझी जोडी कंडक्टरबाईशी लागली. आधी मी म्हातारा, ती सोबती. "तुम्हाला वाटेल ते बोला, आजोबा," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, सोपं आहे, आवाज थोडा कापरा काढला की झालं. सगळे हसले.

बाई दारातून आत आली ती वाऱ्यासारखी. "काय काका, बरे आहात ना, जेवलात का, गोळी घेतली का, आणि दार कशाला लावून बसलाय एवढ्या उन्हाचं?"

"मी नाही लावलं," मी म्हणालो. "बाहेरून आहे."

 उभी होती ती खुर्चीवर बसली.

मी नदीची कविता म्हणायचं ठरवून गेलो होतो. पण भूमिकेत शिरलो तसा वाहवतच गेलो. चपलांचं सांगितलं, अर्ध्या पाटीचं सांगितलं, मिक्सरवाल्याचं सांगितलं. म्हटलं, पोरं वाईट नाहीत हो, दमतात बिचारी, मी एकदा बाहेर गेलो तेव्हा मुलगा रात्री माझे पाय धुताना रडत होता, मग त्याने किल्ली उचलून ठेवली. म्हटलं, ते गेले की मी हँडल एकदा ओढून बघतो. रोज बघतो. चुकून राहिलं असेल तर.

"आणि राहिलं असेल तर?" बाईने विचारलं. तेवढंच एक तिने विचारलं, आणि तेही हळू. "कुठे जाल?"

"कुठे नाही. उघडं आहे एवढं बघेन आणि परत लावून घेईन."

 टायवाल्याचा पाय हलायचा थांबला होता. दाढीवाल्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. मी उठून किंचित वाकलो, नाटकाच्या शेवटी वाकतात तसा, पण टाळ्या पडल्या नाहीत. ही काही टाळ्यांची जागा नव्हे, मीच समजून घेतलं.

आता अदलाबदल करून मी सोबती होणार, तर ताई म्हणाल्या, "राहू द्या, आजोबा. तुमचं कळलं आम्हाला." म्हणजे गरजच भासली नाही! कंडक्टरबाईला मात्र टायवाल्याबरोबर पुन्हा बसवलं. तिचं कच्चं राहिलं असणार. वाईट वाटलं. जाताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "प्रयत्न सोडू नका." तिने तोच हात दोन्ही हातांत धरून ठेवला. धीर आला असणार.

नंतर त्यांनी सूनबाईला आत बोलावलं. घरच्यांचीही चौकशी करतात, पक्कं काम आहे. दार लागलेलं होतं. मी पंख्याखालच्या खुर्चीवर बसून होतो. ती बाहेर आली तेव्हा ताई तिच्या खांद्याला धरून होत्या. मला म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्ही आमचेच."

आणखी काय हवं?

परतताना सूनबाईने माझा दंड धरला होता, एरवी ती पुढे चालते. कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून तिने मला पेन्सिली घेऊन दिल्या. मी मागितल्या नव्हत्या.

२० मार्च

सकाळी दाढी करताना दोघांचं बोलणं कानावर आलं.

"म्हणजे चार लोकांत सांगून आले ते?"

"खोटं सांगितलं का त्यांनी?"

"तू पण त्यांच्याच बाजूने बोल."

"मी कुणाच्या बाजूने नाही. दुपारी तू येऊन बस घरी. नाही ना जमत? मला पण नाही जमत. मग तिसरं कुणीतरी लागेलच."

माझ्या नोकरीवरून घरात वाद व्हावेत हे मला पटत नाही. रुजू झालो की निवळेल. पहिल्या पगारात सूनबाईला काहीतरी घ्यावं.

२३ मार्च

सूनबाईने पर्स टेबलावर उपडी केली, काहीतरी शोधत होती. त्या पसाऱ्यात एक नवी किल्ली होती. अगदी कोरी, दाते चकचकीत. माझं लक्ष गेलेलं पाहून तिने पटकन आत टाकली. मीही न पाहिल्यासारखं केलं. आनंदाची बातमी आपल्या हाताने द्यावी असं माणसाला वाटतं.

बुटांना पॉलिश केलं.

२५ मार्च

संस्थेचा फोन नाही. मी दोनदा केला, कुणी उचलला नाही.

आज एक विचित्र गोष्ट मनात आली आणि जाईना. प्रात्यक्षिकात मी एवढं बोललो, त्यातलं एकही वाक्य बनवलेलं नव्हतं. आवाजसुद्धा कापरा काढायचा राहून गेला होता, तो आपणहून तसाच निघत होता. मग मी अभिनय केला तो कोणता? आणि अभिनय केला नसेल, तर त्यांनी पाहिलं काय?

बराच वेळ बुटांकडे बघत बसलो. पॉलिश चांगलं झालं आहे.

कुलूप लागल्यावर आज हँडल ओढून बघितलं नाही. दुपारी बघितलं.

२७ मार्च

पेपर वाचून झाला होता, उलटा धरूनही झाला होता. जिन्यावर चपला वाजल्या. सूनबाईच्या नव्हेत. वरच्या मजल्यावरच्या मावशींच्याही नव्हेत, त्या फरफटतात. या दणदणत आल्या आणि आमच्याच दाराशी थांबल्या. मी बेलची वाट बघत उभा राहिलो. बेल वाजलीच नाही. किल्ली फिरली.

या वेळी कुणी येत नाही. हातात पेन्सिल होती, तीच पुढे धरली.

दार उघडलं, तर कंडक्टरबाई!

"पेन्सिल खाली करा, काका. विनातिकीट नाही आले." घामाघूम झाली होती. गळ्यात संस्थेचं कार्ड, त्यावरच्या फोटोत ती कुणालातरी दम देत असल्यासारखी दिसते.

"निकाल लागला?" मी विचारलं.

"लागला."

"तुम्हाला घेतलं?"

"घेतलं. माझा तर विश्वासच बसेना."

"आणि मला?"

तिने गळ्यातलं कार्ड उलटं केलं, परत सुलटं केलं. "ताई म्हणाल्या, पहिलं घर तुझं तू निवड," ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. "मी म्हटलं, मला काकांचं घर द्या. रोज दुपारी येणार. जेवणानंतर ते तुमची माणसं येईपर्यंत."

मी तिच्या कार्डाकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे. तीच ती किल्ली, पर्समधली. तिला लाल दोरा बांधलेला होता.

"बघू," मी म्हणालो.

तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. मी हात वरखाली करून तोलून पाहिली, जुनी सवय. इतके दिवस मनात जी किल्ली होती ती चांगली वजनदार होती. ही अगदीच हलकी निघाली.

"जाताना मला लागेल ती," बाई भिंतीकडे बघत म्हणाली. "जाताना बाहेरून लावायला सांगितलंय. भांडले मी, काका, ताईंशी कडकडून भांडले. म्हणाल्या, घरच्यांचा विश्वास बसू दे आधी, तोवर त्यांचंच ऐकायचं, तसा नियम आहे. एवढी वर्षं गाडीवर काढली, पण उतरायचंय म्हणणाऱ्याला मी कधी आत ठेवलं नाही हो."

तिचं तोंड इतकं उतरलं होतं की शेवटी मलाच तिची समजूत घालावी लागली. "नियम म्हणजे नियम, बाई. मीही सरकारी माणूस आहे." आणि किल्ली परत दिली.

तिच्या मागे दार सताड उघडं होतं. जिन्यावर ऊन आलं होतं. कठड्याला कुणाचीतरी सायकल साखळीने बांधलेली होती, तिची घंटी चमकत होती. मी उंबऱ्यापर्यंत गेलो, पाय बाहेर टाकला, आत घेतला. तिने अडवलं नाही. म्हणाली, "उद्यापासून खाली चक्कर मारू. ते मी कबूल करून घेतलंय. पाटीवर काय लिहिलंय ते बघू एकदाचं." मग तिने विचारलं, "आता हे उघडं ठेवू, का लावू?"

मी जिन्याकडे पुन्हा एकदा बघून घेतलं.

"लावा," मी म्हणालो. "पण आतून."

न वापरून कडी गंजली होती. बाईने अंगठ्याने रेटली. आधी खर्र. मग ठण.

आता ती समोरच्या खुर्चीत बसली आहे आणि एक अक्षर बोलत नाही. पंख्याखालची जागा तिने मला सोडली आहे. मी तिला म्हटलं, एवढं लिहून होऊ द्या, मग पहिल्या कडव्यापासून म्हणतो. तिसरं आलं तर आलं.